स्वच्छ चारित्र्याचा फॉर्म असा भरावा

अभिनंदन! इंदूरच्या कॅटमध्ये, म्हणजे अणुऊर्जा खात्याच्या संशोधन केंद्रात, निवड झाली. (2005 पासून त्याचं नाव राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, पण इंदूरच्या रिक्षावाल्याला एवढं सांगत कोण बसतो?) लेखी झाली, मुलाखत झाली, आपल्या रामबाग मोहल्ल्यात पेढेही वाटून झाले. आता उरला तो अटेस्टेशन फॉर्म. अणुऊर्जा खात्याची नोकरी, म्हणजे पोलीस तुमचं चारित्र्य तपासणारच. घाबरायचं कारण नाही. थोडी हुशारी दाखवली की झालं, आणि तिची आपल्या घराण्यात कधीच टंचाई नव्हती.

फॉर्मच्या माथ्यावरच इशारा असतो: खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली, तर उमेदवार अपात्र ठरेल. हा मजकूर इतरांसाठी आहे. नोकरी लागल्यावर भांडं फुटलं तरी काढून टाकता येतं, असंही तिथे लिहिलेलं असतं. म्हणजे तोवरचा पगार तर पदरात! तुम्ही आपले सरळ रकान्यांकडे वळा. कधी अटक झाली होती? कोर्टाने दंड केला होता? विद्यापीठाने परीक्षेला बसायची बंदी घातली होती? खटला चालू आहे? झोकात ‘नाही, नाही, नाही’ लिहीत सुटावं. पान कसं एकसारखं दिसतं.

आता राहिली ती रंगपंचमी. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, आली होती, टँकरमधून रंग उडत होता, कुणाच्या तरी फुटलेल्या गॉगलवरून हातघाई झाली आणि फौजदारी प्रक्रिया संहितेचं 107-116 कलम लावून तुमच्याकडून शांतता राखण्याचा बाँड लिहून घेतला. अशा बाँडबद्दलही फॉर्मात वेगळा प्रश्न असतो, लोक फार बारकाईने विचार करतात. पण 1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली आणि 107 चं 126 झालं. कलमाचा आकडाच गेला म्हटल्यावर प्रकरण कुठे उरलं? शिवाय ठाण्यातलं रजिस्टर एव्हाना वाळवीने खाल्लं असेल. देशभरातल्या ठाण्यांच्या नोंदी जोडणारं सीसीटीएनएस म्हणून काही आहे म्हणतात, पण ते गुन्हेगारांसाठी. तुम्ही तर चांगल्या घरचे.

कुणी शहाणा अवतार सिंग प्रकरणातला 2016 चा निकाल ऐकवेल. सुप्रीम कोर्ट म्हणतं, माहिती खरीच हवी; मात्र कोवळ्या वयात घोषणा देण्यासारखी किरकोळ गोष्ट कुणी दडवली असेल, तर खातं ती पोटात घालू शकतं. आणि सगळं खरं सांगितलं तरी नेमणूक दिलीच पाहिजे असं नाही. पाहा, खरं बोलूनही हमी नाहीच! मग बोलायचं कशाला? गॉगलची भानगड सांगितली असती तर साहेबाने बहुधा हसून पान उलटलं असतं. दडवली की ती भानगड राहत नाही, तुमचा स्वभाव ठरते. एरवी पोहे-जिलबीपलीकडे काही न घडलेल्या चरित्राला तेवढंच वजन.

गेली तीन वर्षं तुम्हाला ओळखणाऱ्या राजपत्रित अधिकाऱ्याचा दाखलाही लागतो. वडिलांचे एखादे मित्र गाठा, ज्यांनी तुम्हाला शेवटचं मुंजीत पाहिलं. सही करता करता त्यांनी ‘बाळ, तुझं नाव काय रे?’ विचारलंच, तर नम्रपणे सांगावं.

शेवटचा धोका गल्लीतला. हवालदार चौकशीला येतो तो तुमच्या घरी थोडाच थांबतो, समोरच्या ओट्यावर बसतो. तेव्हा समोरच्या काकूंना आधीच पढवून ठेवा. गेरचा विषय काढायचा नाही, असं दोनदा बजावा. काकू शब्दाच्या पक्क्या असतात. हवालदाराच्या हाती चहा देत त्या अस्सल रामबागी हिंदीत सांगतील, “लड़का एकदम हीरा है भैया. और वो रंगपंचमीवाले लफड़े का तो मैं कुछ बोलूंगीच नहीं, उसने मना करके रखा है.”