जिन्यावर पाय आपटून झालेलं नंबर वन

'हनीकोम्ब्स' या साठच्या दशकातल्या ब्रिटिश बँडचं नाव निघालं की लोक दोनच गोष्टी सांगतात: एकच गाणं गाजलं, आणि ड्रमवर मुलगी होती. दुसरी गोष्ट सांगताना सूर असा, की तिला नुसतं शोभेला बसवलं होतं. मला हे अजिबात पटत नाही. ती ड्रमर, हनी लँट्री, आधी बँडमधल्याच मार्टिन मरेच्या सलूनमध्ये कामाला होती हे खरं, पण ती ठोकून वाजवायची.

जून १९६४ मध्ये आलेलं 'हॅव आय द राइट' ऑगस्टअखेर ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, पुढे अमेरिकेत पाचव्या. रेकॉर्डिंग कुठे? लंडनच्या ३०४ हॉलोवे रोडवर, चामड्याच्या वस्तूंच्या दुकानावरच्या भाड्याच्या घरात. गाण्याचा निर्माता जो मीक, त्याचा स्टुडिओ तोच. कोरसमधला धाड-धाड ठोका एकट्या बास ड्रमचा नाही. हनी सोडून बाकीचे जिन्याच्या लाकडी पायऱ्यांवर पाय आपटत होते, आणि मीकने कठड्याला पाच माइक अडकवले होते. तेही सायकल क्लिपने, म्हणजे पँट चेनमध्ये जाऊ नये म्हणून घोट्याला लावतात त्या! शिवाय खंजिरी थेट माइकवर आपटली. शेवटी टेपचा वेग वाढवला, म्हणून गायक डेनिस डेलचा आवाज जरा चढा आणि घाईत वाटतो.

मीककडे ट्रॅक मोजून दोन. नवीन थर चढवायचा तर आधीचं सगळं दुसऱ्या मशीनवर उतरवत त्यातच नवीन मिसळायचं. दर फेरीला खरखर वाढते, वरचे सूर बोथट होतात, आणि एकदा मिसळलेलं वेगळं काढता येत नाही. कॉम्प्रेशनही, म्हणजे लहान-मोठे आवाज दाबून एका पातळीला आणणं, तो कचकून लावायचा. कुणाला घरी करून बघायचं असेल तर लाकडी जिनाच हवा. सिमेंटची पायरी घुमत नाही. कडक तळव्याचे बूट घाला. आणि चौघांचे पाय एका ठोक्यावर पडले नाहीत, तर धाड न होता नुसता गडगडाट होतो.

मग बँड बुडाला कशाने? पुढचं सिंगल त्याच साच्यातलं, ३८ व्या क्रमांकावर अडकलं. त्यानंतरचं चार्टवर आलंच नाही. भरीला परदेश दौरे. नवीन रेकॉर्ड ब्रिटनमध्ये दुकानात आणि बँड तिकडे ऑस्ट्रेलिया-जपानला, तर टीव्हीवर दिसणार कोण? १९६५ मध्ये हनीला डेनिसच्या जोडीने गायला लावलेलं 'दॅट्स द वे' १२ व्या क्रमांकापर्यंत गेलं. तोच रस्ता आधी धरायला हवा होता, असं माझं ठाम मत. मरे १९६४ मध्येच बाहेर पडला होता, १९६६ मध्ये डेनिसनेही बँड सोडला, आणि ३ फेब्रुवारी १९६७ ला मीकने घरमालकिणीला गोळी घालून स्वतःलाही संपवलं. त्यानंतर बँड फार टिकला नाही.

हनीबद्दल अजून शंका असेल तर १९६५ चा टोकियोतला लाइव्ह एलपी ऐका. तिथे जिना नाही, माइकवर आपटलेली खंजिरी नाही, वेग वाढवलेली टेप नाही. ड्रमवर हनी एकटी आहे.