‘आधी वीज, मग केबल, खोली शेवटी’: अपग्रेडचा हा क्रम उलटा आहे

घरी गाणी ऐकायला महागडी हाय-एंड सिस्टीम लावणाऱ्यांमध्ये एक संदेश वर्षानुवर्षं पुढे ढकलला जातोय. अपग्रेड कोणत्या क्रमाने करायचं ते त्यात ठणकावून सांगितलेलं असतं. आधी पॉवर कॉर्ड आणि कंडिशनर (वीज ‘स्वच्छ’ करणारं उपकरण), मग स्पीकर केबल, मग सोर्स (ज्यातून गाणं वाजतं ते उपकरण), मग दुप्पट वॅटचा अँप (अँप्लिफायर). प्रत्येक नवी वस्तू ३०० तास वाजवत ठेवून ‘बर्न-इन’ करायची. खोलीचं शेवटी बघायचं, तेही भिंतींना फोम किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवून. डीएसपीला, म्हणजे डिजिटल पद्धतीने आवाजात दुरुस्ती करण्याला, हात लावायचा नाही, शुद्धता जाते. आणि शेवटची ओळ: मोजमापं विसरा, कान सांगतील तेच खरं.

यातल्या काही दाव्यांत तथ्य आहे, ते त्या-त्या ठिकाणी मान्य केलंच आहे. पण क्रम पूर्ण चुकीचा आहे आणि त्यामुळे पैसे नको तिथे जातात.

‘खोलीचं शेवटी बघू’

हा मुद्दा आधी घ्यायला हवा, कारण बाकीच्यांचं गणित यावरच बसतं.

समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये बेसच्या ठरावीक वारंवारतांना अनुनाद होतो. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागलं की पहिला अनुनाद मिळतो. खोली ५ मीटर लांब, ३.६ रुंद आणि २.९ उंच असेल, तर हे अनुनाद ३४, ४८ आणि ५९ हर्ट्झला येतात. या वारंवारतांना खोलीत काही जागी दाब साचतो, काही जागी जवळजवळ नाहीसा होतो. एकाच सोफ्याच्या दोन टोकांवर बेसमध्ये १० डेसिबलचा फरक निघणं ही रोजची गोष्ट आहे. दोन चांगल्या डॅकमधला (डिजिटल संगीताचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या उपकरणांमधला) फरक मात्र डेसिबलच्या दशांशात शोधावा लागतो.

दुसरी भानगड स्पीकरमागच्या भिंतीची. वूफर (स्पीकरमधला बेसचा भाग) ते भिंत हे अंतर ज्या तरंगलांबीच्या पाव असतं, त्या वारंवारतेला भिंतीवरून परतणारा आवाज थेट आवाजाला खाऊन टाकतो. अंतर ६० सेंमी असेल तर वारंवारतेनुसार पातळी दाखवणाऱ्या आलेखात ही खोच १४३ हर्ट्झच्या आसपास पडते, १ मीटर असेल तर ८६ ला. पुरुषी आवाजाचा खर्ज पोकळ वाटतो तो बहुतेक वेळा इथेच. वूफरपासून जमीन, मागची भिंत आणि बाजूची भिंत ही तिन्ही अंतरं सारखी असतील तर तिन्ही खोचा एकाच ठिकाणी पडतात आणि एक मोठा खड्डा तयार होतो. म्हणून ही अंतरं मुद्दाम वेगवेगळी ठेवायची.

हे करायला लागतं काय? कॅलिब्रेशन फाइलसह (माइकच्या स्वतःच्या चुका दुरुस्त करणारी फाइल) येणारा एक यूएसबी माइक आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर. माइक स्टँडवर, बसल्यावर जिथे डोकं असतं तिथे, कानाच्या उंचीवर. सोफ्याच्या पाठीवर टेकवून ठेवू नका, कापडाचा परिणाम आलेखात येतो. आवाजाची पातळी ७५ ते ८० डेसिबल. एका वेळी एकच स्पीकर लावून २० ते ३०० हर्ट्झ स्वीप (खालून वर सरकत जाणारा सूर) घ्या. बेसच्या आलेखाला स्मूदिंग लावू नका. लावलं की खोचा गुळगुळीत होतात आणि सगळं छान दिसायला लागतं.

मग खुर्ची. भिंतीला डोकं टेकून बसलं की लांबीचे सगळे अनुनाद शिगेला पोचलेले ऐकू येतात. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलं की ३४ हर्ट्झ गायब. मागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे वरच्या खोलीत १.९ मीटरवर, सुरुवात करा. हा आकडा मंत्र नव्हे, खूण आहे. तिथून खुर्ची १०-१० सेंमी पुढेमागे करत पुन्हा मोजा, त्यानंतर स्पीकर ५-५ सेंमी. जागा पक्की झाली की जमिनीवर चिकटपट्टीने खूण करा, नाहीतर पहिल्या झाडलोटीत सगळी मेहनत सरकते.

‘भिंतींना फोम किंवा अंड्यांचे ट्रे पुरतात’

सच्छिद्र पदार्थ आवाज शोषतो तो हवेचे कण जिथे जोराने हलतात तिथे. भिंतीला लागून ते हलतच नाहीत. भिंतीपासून पाव तरंगलांबीवर सर्वाधिक हलतात. १०० हर्ट्झसाठी हे अंतर ८६ सेंमी येतं. आता ३ सेंमी फोमने बेसचं काय होणार हे सांगायला नको. अंड्यांच्या ट्रेचा पातळ लगदा तर मधल्या-वरच्या पट्टीत थोडंफार काम करतो आणि खाली काहीच नाही. खडबडीत दिसतो म्हणून स्टुडिओचा भास होतो, एवढंच.

खरं नुकसान पुढे होतं. चारही भिंतींना पातळ फोम लावला की ट्रेबल मरतो आणि बेस तसाच घुमत राहतो. स्पीकरवर गोणपाट टाकल्यासारखा आवाज येतो, मालकाला अँप ‘मंद’ वाटायला लागतो आणि तो अँप बदलतो. शिवाय अग्निरोधक नसलेला फोम आणि कागदी लगदा भिंतभर लावणं म्हणजे घरात सरपण रचणं. असा फोम जळताना विषारी धूर सोडतो.

काम करणारं पॅनेल घरी बनतं. ६० × १२० सेंमीची लाकडी चौकट, आत १० सेंमी जाडीचं रॉकवूल (खडकापासून बनवलेली लोकर), घनता घनमीटरला साधारण ४० ते ६० किलो, आणि मागे भिंतीपर्यंत ५ ते १० सेंमी पोकळी. पोकळी सोडली की त्याच मालात परिणाम आणखी खालपर्यंत पोचतो. वरून कापड लावायचं, पण त्याला तोंड लावून फुंकर मारून बघा. हवा आरपार जात नसेल तर ते कापड नको. रेक्झिन तर मुळीच नको. रॉकवूल कापताना मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्या.

पॅनेल कुठे लावायची? एकाने खुर्चीत बसायचं, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा. बसलेल्याला आरशात ट्वीटर (स्पीकरमधला वरच्या सुरांचा भाग) दिसला की ती पहिल्या परावर्तनाची जागा. छतालाही तसंच. उरलेली पॅनेल कोपऱ्यांत, जमिनीपासून छतापर्यंत, जमेल तेवढी जाड.

किती लावायची याचं साबाइनचं जुनं सूत्र आहे: घनफळाला ०.१६१ ने गुणून एकूण शोषणाने भागलं की निनाद-काळ (आवाज थांबल्यावर तो खोलीत घुमत राहण्याचा वेळ) सेकंदांत मिळतो. आपल्या ५२ घनमीटरच्या खोलीत ०.४ सेकंद हवा असेल तर सुमारे २१ चौरस मीटर शोषण लागेल. सोफा, गालिचा, पडदे, पुस्तकांची कपाटं आणि माणसं त्यातला बराच वाटा मधल्या आणि वरच्या पट्टीत आधीच उचलतात, म्हणून आधी मोजा आणि मग पॅनेल बनवा. बेसमध्ये मात्र या सूत्रावर फार विसंबू नका. तिथे एकेक अनुनाद सुटा वागतो.

साधारण ६० हर्ट्झच्या खाली अशी पॅनेलही हात टेकतात. तिथे एका भल्यामोठ्या सबवूफरपेक्षा (फक्त बेस वाजवणारा स्पीकर) दोन मध्यम सबवूफर उपयोगी पडतात. एक समोरच्या भिंतीच्या मध्यावर, दुसरा मागच्या भिंतीच्या मध्यावर, दोघांची पोलॅरिटी (प्लस-मायनसची दिशा) आणि पातळी सारखी. लांबीच्या पहिल्या अनुनादाला दोघे विरुद्ध बाजूंनी ढकलतात, त्यामुळे ३४ हर्ट्झचा फुगवटा दबतो. रुंदीचा पहिला अनुनाद, ४८ चा, मध्यावरून चेतवलाच जात नाही. हे काम कोणतीही केबल करू शकत नाही.

‘स्पीकर केबलने चित्रच बदलतं’

हिशेब करू. २.५ चौरस मिमी तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम. ३ मीटर केबल म्हणजे जाऊन-येऊन ६ मीटर, म्हणजे ०.०४ ओहम. ४ ओहमच्या स्पीकरला यातून ०.१ डेसिबलपेक्षा कमी घट. स्पीकरच्या व्हॉइस कॉइलमध्येच तीन-साडेतीन ओहम रोध बसलेला असतो, त्याच्यापुढे तारेचा आकडा किरकोळ. अंतर १० मीटर असेल तर ४ चौरस मिमी घ्या, विषय संपला.

केबलमध्ये खऱ्या अर्थाने बिघडतं ते वेगळंच. तांब्याच्या नावाखाली आतून ॲल्युमिनियमची तार येते, तिचा रोध दीडपटीच्या आसपास असतो. टोक खरवडा, पांढरं दिसलं तर परत करा. एखादा सुटा धागा शेजारच्या टर्मिनलला शिवतो आणि अँप प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो. किंवा एका स्पीकरचे प्लस-मायनस उलटे लागतात: बेस गळतो आणि गायक मध्यभागी उभा न राहता खोलीभर पसरतो. हजारोंच्या केबल बदलून झाल्यावर हे सापडतं, तेव्हा मालक श्रेय नव्या केबलला देतो.

‘वीज शुद्ध करा’

अँपच्या आत ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कॅपॅसिटर याच कामासाठी बसवलेले असतात. शेवटच्या दीड मीटर कॉर्डने त्यात भर पडत नाही. उलट काही कंडिशनर मोठ्या अँपला लागणारा क्षणिक प्रवाह आवळतात.

हम (स्पीकरमधली सततची घूं) येत असेल तर तो बहुतेक वेळा ग्राउंड लूप असतो, म्हणजे उपकरणं एकापेक्षा जास्त वाटांनी अर्थिंगला जोडली गेल्याने बनलेलं वर्तुळ. सगळे सोर्स काढा, एकेक जोडत जा. टीव्हीची अँटेना किंवा केबल जोडल्यावर हम सुरू झाला तर गुन्हेगार सापडला. सगळी उपकरणं एकाच सर्किटवर घ्या, शक्य तिथे बॅलन्स्ड जोडणी (बाहेरचा गोंगाट कापणारी, तीन तारांची) वापरा, नाहीतर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. अर्थिंगची पिन कापू नका. हम जाईल, पण दोष आला की अँपच्या धातूच्या खोक्यात करंट उतरेल.

‘सोर्स आधी’

हे तत्त्व १९७० च्या दशकात टर्नटेबलच्या जमान्यात रुजलं आणि तेव्हा त्यात अर्थ होता. बेअरिंगची घरघर, वेगातली डगमग, आर्मचे अनुनाद हे सगळे ऐकू येणारे दोष होते आणि ते पुढे कुठेच दुरुस्त होत नाहीत. रेकॉर्ड ऐकणाऱ्यांसाठी ते आजही खरं आहे. डिजिटलमध्ये ते तसंच्या तसं उचलणं चूक. नीट बनवलेल्या साध्या डॅकचं नॉइज आणि डिस्टॉर्शन आज सिग्नलच्या १०० डेसिबल खाली असतं. खोलीतल्या पंख्याचा आवाजही त्याहून कितीतरी वर. माउस हलवल्यावर स्पीकरमध्ये किरकिर येत असेल तर दोष ग्राउंडचा आहे, ऑप्टिकल जोडणीने जातो.

‘दुप्पट वॅट, दुप्पट आवाज’

दुप्पट वॅटने ३ डेसिबल वाढतात. आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ८७ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (१ वॅटला १ मीटरवर मिळणारी पातळी) दोन स्पीकर, ३ मीटर अंतर: प्रत्येकी १ वॅटला खुर्चीत सुमारे ८० डेसिबल. ९५ च्या शिखरांना प्रत्येकी ३० वॅटच्या आसपास. हा हिशेब करा, थोडी ताकद राखीव ठेवा, पुढे जा.

‘३०० तास बर्न-इन’

वूफरचं सस्पेन्शन सुरुवातीला थोडं सैल होतं, हे खरं. पण ते पहिल्या काही तासांतच, आणि आवाजावर परिणाम लहान. तारेत सैल व्हायला काहीच नाही. बदलतात ते आपले कान, नव्या आवाजाला सरावतात. ३०० तास उलटेपर्यंत वस्तू परत करायची मुदतही उलटलेली असते, हा योगायोग विक्रेत्याच्या सोयीचा.

‘कान सांगतील तेच खरं’

मान्य, पण फक्त कानांनाच सांगू द्या. डोळ्यांना आणि बिलाला नको. दोन उपकरणांत अर्ध्या डेसिबलचा फरक असला तरी मोठा आवाज ‘मोठा’ न वाटता ‘जास्त खुला, जास्त तपशीलवार’ वाटतो. म्हणून २०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने व्होल्टेज जुळवा: एकावर २ व्होल्ट असतील तर दुसऱ्यावर १.९८ ते २.०२. मग दुसऱ्या कोणीतरी नाणं उडवून न सांगता अदलाबदल करायची. १६ वेळा ओळखा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर फरक गांभीर्याने घ्या. नुसत्या अंदाजाने तेवढे जमण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे.

‘डीएसपीने शुद्धता जाते’

रेकॉर्डिंग तुमच्यापर्यंत येण्याआधी स्टुडिओत कितीदा तरी इक्वलायझरमधून (ठरावीक वारंवारतांची पातळी कमीजास्त करणारं साधन) गेलेलं असतं. प्रश्न फक्त कुठे वापरायचं याचा. ४८ हर्ट्झला ८ डेसिबलचा फुगवटा असेल तर तेवढाच अरुंद कट द्या. त्याने पातळीबरोबर घुमाराही आखडतो. खड्डा भरायला जाऊ नका. तो परावर्तनाने खाल्लेला आवाज आहे, जास्त पाठवलात तर परतणाराही तेवढाच वाढतो. ९ डेसिबल वाढवणं म्हणजे अँपकडून आठपट वॅट मागणं, आणि वूफर मोडतो तो असाच. खड्ड्याचा इलाज जागा बदलणं.

दुरुस्ती साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खालीच ठेवा. त्याहून वरच्या वारंवारतांना एका बिंदूवरचं माप डोकं जरा हललं तरी बदलतं. कुठे ३ डेसिबल वाढवलेच तर डिजिटल पातळी आधी तेवढीच खाली आणा, नाहीतर मोठे सूर क्लिप होतील, म्हणजे त्यांची शिखरं कापली जाऊन आवाज फाटेल. फिल्टर लावून झाल्यावर खुर्चीच्या दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर माइक सरकवून पुन्हा मोजा. तिथे आलेख आधीपेक्षा बिघडला असेल तर तो फिल्टर काढून टाका.