काच-एसीपी लावली की गळती थांबते?

ठाण्यातल्या नौपाडा-पाचपाखाडीकडच्या पुनर्विकासाला निघालेल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: नव्या इमारतीला गिलावा-रंग नको, बिल्डरकडे काच आणि एसीपीचं (अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या पॅनेलचं) एलिव्हेशनच, म्हणजे बाहेरचं दर्शनी आवरणच मागा. ते गळत नाही, रंगाचा खर्च वाचतो, घर थंड राहतं आणि अ‍ॅल्युमिनियम असल्यामुळे पेटत नाही. आयुष्यभराचं घर पणाला लागलेलं असताना असल्या मेसेजच्या भरवशावर मत देऊ नका.

आधी आगीचं बोलतो, कारण तिथे जीव जातो. एसीपी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये गाभा. सगळं मिळून साधारण 4 मिलिमीटर. स्वस्त पॅनेलमध्ये हा गाभा पॉलिथिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचा असतो आणि तो पेटतो. पॅनेल आणि भिंत यांच्यातली पोकळी मग धुराड्यासारखी आग वर ओढते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 रोजी असंच बाहेरचं आवरण पेटलं आणि 72 माणसं गेली. सहज न पेटणारं, खनिज भरलेल्या गाभ्याचं पॅनेलही मिळतं, पण बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फरक कळतो तो कापलेल्या कडेला आणि चाचणीच्या दाखल्यावर.

गळतीचं म्हणाल, तर ठाण्यात वर्षाला 2500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि वाऱ्याबरोबर तो आडवा येऊन भिंतीवर आपटतो. पाणी शिरतं ते सांध्यांतून. गिलाव्याच्या इमारतीत बीम आणि वीट जिथे भेटतात तिथे जाळी न मारता गिलावा केला की नेमकी तिथेच चीर जाते. काच-एसीपीत सांधे कमी होत नाहीत, उलट वाढतात. प्रत्येक पॅनेलच्या चारी बाजूंना सीलंट, म्हणजे फट बुजवणारं रबरासारखं भरण, आणि ऊन-पावसात ते कडक होऊन सुटतं. शिवाय पॅनेलमागे पाणी कुठून शिरलं हे शोधायला पॅनेल उतरवावं लागतं.

खरी मेख खिडकीत आहे. खिडकीच्या बाहेरच्या दगडाला उतार हवा, तो भिंतीच्या पुढे आलेला हवा आणि त्याच्या खालच्या कडेला खाच हवी, म्हणजे पाणी तिथेच तुटून खाली पडतं, भिंतीवरून ओघळत नाही. सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं रंगकामात बुजली, तर कितीही महागडी खिडकी असो, पाणी हॉलमध्येच येणार. वर छज्जा असला की निम्मं काम होतं. नेमका हाच छज्जा गुळगुळीत एलिव्हेशनसाठी उडवला जातो!

घर थंड राहतं, हा दावा तर उलटाच आहे. साध्या एकेरी काचेतून उन्हाची साधारण 80 टक्के उष्णता आत येते. पश्चिमेच्या तिरप्या उन्हाला छज्जाही पुरत नाही; तिथे खोल बाल्कनी, उभ्या पट्ट्या किंवा लहान खिडकी हवी. 2018 च्या इको निवास संहितेत, म्हणजे केंद्राच्या निवासी इमारतींसाठीच्या ऊर्जा-बचत नियमावलीत, भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला 15 वॅटची मर्यादा दिली आहे. बिल्डरच्या आर्किटेक्टकडे तुमच्या इमारतीचा हा आकडा मागा.

खर्च? रंग वाचतो, पण काच धुवायला आणि सीलंट बदलायला झुला, म्हणजे गच्चीवरून दोरांनी सोडलेला कामगारांचा पाळणा, लागतोच, आणि ते बिल सोसायटीच्याच नावावर येतं.

म्हणून करारनाम्याच्या जोडपत्रात एलिव्हेशनच्या रंगीत चित्राबरोबर खिडकीचा छेद (उभी कापल्यासारखी दाखवणारं रेखाचित्र), छज्ज्याची रुंदी, बीम-वीट सांध्यावरची जाळी, एसीपी असेल तर गाभ्याचा प्रकार आणि गच्चीवर झुला अडकवायच्या हुकांची जागा लिहून घ्या.