चिखलातले ते धोंडे त्सुनामीने आणलेले नाहीत

कॅनडातील सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाकडे, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या सपाट चिखलावर विखुरलेले प्रचंड धोंडे त्सुनामीने फेकले आहेत, असा दावा सध्या फिरतो आहे. तो खरा नाही. ते धोंडे हलवतो तो दर हिवाळ्यात किनाऱ्यालगत धरणारा बर्फ.

ओहोटीला हा बर्फ तळाला टेकतो आणि धोंड्याभोवती घट्ट गोठतो. मग थंडी ओसरताना उधाणाची भरती चढली, की तो तराफ्यासारखा वर उचलला जातो, धोंड्यालाही सोबत नेतो आणि जिथे तुटेल वा वितळेल तिथे त्याला सोडून देतो. हिशेबही जुळतो. समुद्राच्या पाण्यात एक घनमीटर बर्फ साधारण १०० किलो भार तोलतो आणि एक घनमीटर ग्रॅनाइटचे पाण्यातले वजन सुमारे १,७०० किलो भरते. म्हणजे पाच मीटर लांब-रुंद आणि पाऊण मीटर जाड लादी त्याला पुरते. धोंडा पुरता उचलला गेला नाही, तर तो फरफटत जातो: मागे नांगराच्या तासासारखी चर उमटते आणि पुढ्यात चिखलाचा वरंबा साचतो. लाटेने भिरकावलेला दगड अशी खूण ठेवत नाही.

दक्षिण काठावर उत्तरेच्या कॅनेडियन शील्ड या अतिप्राचीन खडकांच्या प्रदेशातले ग्रॅनाइट आढळतात, त्यामुळे धोंडे मुळात इथवर आणण्याचे हिमयुगातील हिमनद्यांचे श्रेय नाकारता येत नाही. मात्र तेव्हापासून हे धोंडे जागचे हललेलेच नाहीत, हे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे.