फी भरून घेणाऱ्या खिडकीला तोंड नव्हतं का?

संध्याकाळपासून डोकं तापलंय. लिहून मोकळा होतो.

शेजारच्या पोरीचा इंजिनिअरिंगला नंबर लागलाय, तोही कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून. ओबीसी आहे, वडील शिरोलीत फौंड्रीत कामाला. आज तिची आई गवारी द्यायला आली आणि जाता जाता म्हणाली, "भावजी, पाटल्या गुजरीत सराफाकडं गहाण ठेवल्या. फीला कमी पडत होते." अख्खी फी भरलीय त्यांनी!

८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) यांतल्या मुली, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, कॅपमधून प्रवेश, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. फौंड्रीतला माणूस ८ लाख मिळवतो का वर्षाला? कॉलेजच्या खिडकीवर सांगितलं काय, तर "आधी भरा, मग बघू." महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर, फॉर्म भरायचा असतो, हेसुद्धा कुणी सांगितलं नाही.

मला आमच्या कॉलेजातले क्लार्क काका आठवले. १९९४ साल. मी दसरा चौकाजवळच्या बोर्डिंगात राहायचो. ईबीसीच्या, म्हणजे गरीब घरच्या पोरांच्या फी सवलतीच्या, फॉर्मवर माझी सही राहिली होती आणि मी वडील आजारी म्हणून गावाकडनं त्याच दिवशी परतलो होतो. रात्री नऊला काका सायकल मारत बोर्डिंगात. "उद्या शेवटची तारीख आहे रे, सही कर." चहासुद्धा घेतला नाही. त्या सहीवर माझं वर्ष निघालं.

आणि हे कुठं घडतंय? कोल्हापुरात! शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग काढलं, मग जातीजातीची बोर्डिंगं उभी केली. गरिबाच्या पोरानं शिकावं म्हणून राजा पुढं आला, आणि आपल्याला खिडकीवर दोन वाक्यं बोलवत नाहीत? खुल्या प्रवर्गातल्या पोरांसाठी फीची जी योजना आहे, तिला नावसुद्धा महाराजांचंच आहे. तीही कित्येक घरांत माहीत नाही. पैसा आहे, योजना आहेत. सायकलवरनं येणारे काका गेले.

पोरांनीही चौकशी करायला पाहिजे, मान्य. मोबाईल तर सगळ्यांच्या हातात आहे. पण ज्या घरात कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच पोरगी, तिनं नेमकं विचारायचं काय?

मघाशी त्या खिडकीवरच्या माणसाला मनातल्या मनात फार बोललो. त्याच्यासमोरही शेकड्यानं फॉर्म असतील, वरनं रोज नवी तारीख. काकांच्याही टेबलावर गठ्ठे असायचे, हे खरं. पण ते आले होते.

आता जेवण झाल्यावर पोरगी फाईल घेऊन आली होती. जातीचा दाखला आहे, नॉन क्रिमीलेअर आहे. उत्पन्नाचा दाखला जुना निघाला, बँक खात्याला आधार जोडलेलं नाही. उद्या रजा टाकलीय. सकाळी बँक, मग दाखल्यासाठी सेतू केंद्र, मग कॉलेज. तुमच्या गल्लीत कुणाचं पोर यंदा कॉलेजला लागलं असेल तर आज रात्रीच विचारा, फॉर्म भरलास का. माझ्याकडं पाठवा, सातनंतर मी घरी असतो.

वहिनींना सांगितलंय, गुजरीतली पावती जपून ठेवा.