पुरुमेंताची पुस्तकं

मे महिना लागला की आमच्या घरी दोन याद्या होतात. बायकोच्या यादीत सुके बांगडे, गलमो म्हणजे सुका जवळा, सोलां म्हणजे आमसुलं, चिंच, सुक्या मिरच्या, कांद्यांच्या माळा आणि खारातल्या तोरांची, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांची, बरणी. माझ्या यादीत पुस्तकं. पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या या बेगमीला आम्ही गोंयकार पुरुमेंत म्हणतो. पोर्तुगीज गेले, त्यांचा शब्द मात्र आमच्या बरणीत मुरत राहिला. आता भर आषाढात फोंड्याच्या बाजारात हवं ते मिळतं, पण यांत्रिक मासेमारी अजूनही १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्यामुळे सुक्या बांगड्याला निदान काही कारण तरी आहे. माझ्या पुस्तकांना तेही नाही. तरी यंदा मी आठ आणली.

पिशवी टेबलावर ठेवली तेव्हा बायकोने एकच प्रश्न विचारला, "गेल्या वर्षीच्या पुरुमेंतातली किती उरलीत?"

मी मोजली. आठांपैकी सात.

"बांगडा एक उरला नाही," ती म्हणाली आणि मिरच्यांची देठं काढायला बसली.

पाऊस, खिडकी, वाफाळता चहा आणि हातात पुस्तक हे चित्र ज्याने कोणी प्रथम काढलं त्याचं घर नक्की पुण्यात असणार. आमच्याकडे पाऊस आला की खिडकी आधी बंद होते. मग वीज जाते. हॉलमध्ये दोऱ्या बांधलेल्या असतात, त्यावर तीन दिवसांचे कपडे वाळण्याची आशा करत लोंबत असतात, आणि वाचायच्या खुर्चीच्या बरोबर वर चादर असते. ती दर पानाला एक थेंब सोडते. वर्तमानपत्रात 'पावसाने इंचांचे शतक गाठले' असा मथळा येतो, जणू एखाद्या फलंदाजाने गाठलं. त्या शतकातली निदान दहा-बारा इंचं माझ्या कपाटात झालेली असतात. जुलैत पुस्तकाचं पान उलटताना फडफड होत नाही. ते ओल्या घावनासारखं अंगावर लोळतं.

त्यात कसर, पुस्तकं खाणारी कीड. ही चंदेरी, चपळ, बिनआवाजाची वाचक. गोव्याच्या ग्रंथव्यवहारात तिचं योगदान मोठं असावं, असा माझा जुना संशय आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आमच्या ओल्ड गोव्यात सुरू झाला. पुढे फादर स्टीफन्सनी, माणूस जन्माने इंग्रज, अस्सल मराठीत ओव्यांवर ओव्या रचून ख्रिस्तपुराण लिहिलं, ते १६१६ साली राशोलला छापलं गेलं. मग १६४९ आणि १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींची एकसुद्धा प्रत आज कुणाच्या हाती लागत नाही. अभ्यासक याची बरीच कारणं सांगतात. त्यांनी एकदा जुलैत माझं कपाट उघडून पाहावं.

तर दर जुलैत पुस्तकं वाळत घालण्याचा एक कार्यक्रम असतो. कपाट उघडायचं, वास बाहेर जाऊ द्यायचा, कोरड्या फडक्याने बुरशी पुसायची, पुस्तकं पंख्यासमोर उभी करायची. फुगलेल्या पुस्तकांना वजनाखाली ठेवावं लागतं. त्यासाठी भारतीय संस्कृतिकोशासारखी वस्तू नाही. आमच्या सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याच्या महादेवशास्त्री जोश्यांनी दहा खंड करून ठेवले, त्यामागे त्यांचा हेतू वेगळा होता हे मला मान्य आहे. पण साऱ्या भारतीय संस्कृतीच्या भाराखाली 'बटाट्याची चाळ' दोन रात्री ठेवली की सपाट होते, हे मी खात्रीने सांगतो.

घात नेमका इथेच होतो. पुस्तक पुसायला उघडलं की डोळा एका ओळीवर पडतो. ती ओळ पाठ असते. पुढची काय आहे तेही माहीत असतं, पण ती अजून तिथेच आहे ना हे बघायला नको? मी उभ्या उभ्या बघतो. फडकं खांद्यावर. पाऊण तासाने स्वयंपाकघरातून आवाज येतो, "पुस्तकं वाळत घातलीयेत की तुम्ही स्वतः वाळत पडलायत?"

यंदा हातात आली 'बनगरवाडी'. माझ्या प्रतीचा कणा दोनदा डिंकाने चिकटवलेला आहे, एका पानावर चहाचा अर्धवर्तुळाकार डाग आहे, आणि आत फोंडा-पणजी बसचं एक तिकीट आहे, ज्यावरची शाई उडून ते आता कोरं झालंय. ही कादंबरी मी दर जुलैत वाचतो. कारण अगदी व्यावहारिक आहे. घरात चादर ओली, उशी ओली, मीठ ओलं, काडेपेटी ओली. कोरडं असं एकच ठिकाण उरतं, ते माणदेशातलं मेंढरांचं गाव. तरणा मास्तर माळावरून चालत तिथे पोचतो आणि माझी पावलं वाळतात. शेवटी दुष्काळ पडतो, वाडी उठून जाते, माणसं पांगतात, आणि मी दर वर्षी त्याच पानावर गप्प होऊन खिडकीबाहेर बघतो. बाहेर धबधबा. यातलं थोडं तिकडे पाठवता आलं असतं तर, असं दर वर्षी वाटतं. पुस्तक १९५५ सालचं. पाऊस पाठवायला मला जरा उशीरच झालाय.

बायकोचं 'स्मृतिचित्रे'शी असंच आहे. कुठलंही पान उघडते, दोन पानं वाचते, हसते, मिटते. खूण घालत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या घरातलं कुठलं भांडं कुठे आहे हे तिला माहीत आहे, खुणेची गरज काय.

तेव्हा पुरुमेंताची आठ पुस्तकं पिशवीतच राहतात. जुन्यांची दोस्ती सुटत नाही, नव्यांची ओळख होत नाही. हे एवढंच असतं तर ठीक होतं. पण आमच्या वाड्यावर माझी ख्याती 'वाचणारा' अशी आहे. फोंडा ते पणजी रोज बसने जाताना शेजारच्या प्रवाशाने जमिनीच्या दाव्याची हकिगत सुरू करू नये म्हणून मी पुस्तक उघडं धरत असे, त्यातून ती झाली. आणि गोव्यात वाचत नाही म्हणायची सोय नाही. पणजीत १८३२ पासून सार्वजनिक ग्रंथालय आहे, जवळजवळ दोनशे वर्षं झाली, सबबी संपल्या.

वाचणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारतात. तो चवथीला विचारतात.

यंदा मी सरांच्या घरी गणपतीला गेलो होतो. सर म्हणजे आमचे निवृत्त हेडमास्तर, त्यांच्या हाताखाली अर्धा वाडा शिकलेला. वर माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगतात ती फळापानांची चौकट, होती, सुपाऱ्यांचे घोस, तोरिंगण, नीरफणस. खाली पाटावर मी, तोंडात अख्खी नेवरी, म्हणजे करंजी. सर आले. "कितें रे, जेवलो मरे?" म्हणाले. मी मान हलवली. मग त्यांनी सोवळ्याचा काठ सारखा केला, घसा साफ केला, आणि मला कळलं, आता मराठी येणार. आमच्याकडे हे असंच आहे. भूक, भांडण, माया सगळं कोंकणीत. पुस्तकाचा विषय निघाला की माणूस इस्त्रीचा शर्ट घालावा तसा मराठी अंगावर चढवतो.

"मग? सध्या काय विशेष वाचन चालू आहे?"

खरं उत्तर होतं, बनगरवाडी, एकोणिसाव्यांदा, फडकं खांद्यावर. पण माटोळीखाली पंधरा माणसं होती. आणि आपल्या भाषेत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचण्याला मान आहे तो फक्त पोथीला. आमची आई दर सोमवारी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचते. गेली पन्नास वर्षं तोच अध्याय. तिला कुणी विचारत नाही, "काय आजी, बारावा कधी घेताय?" तिच्या वाचनाला पारायण म्हणतात. माझ्याला बायको 'परत तेच?' म्हणते.

नेवरी गिळली आणि माझ्या तोंडून निघालं, "हिंदू. पुनर्वाचन चाललंय."

पुनर्वाचन! हा शब्द कुठून आला देव जाणे. नेमाड्यांची 'हिंदू' २०१० साली आली, पुढच्याच मे महिन्यात मी ती पुरुमेंतात भरली. सहाशे पानं. तेव्हापासून दर जुलैत मी ती पहिल्यापासून सुरू करतो आणि त्रेचाळिसाव्या पानाच्या आसपास वीज जाते. बिचारा खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननात अडकलाय, तिकडे गावी वडील अंथरुणावर, आणि माझ्यामुळे त्याला इतकी वर्षं घरी पोचता आलेलं नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. त्यात नेमाडे गोवा विद्यापीठात शिकवायला होते, म्हणजे एका अर्थी शेजारी. शेजाऱ्याचं ताट अर्धं टाकून उठल्यासारखं होतं.

"वा!" सर म्हणाले. "कशी वाटते दुसऱ्यांदा?"

"आवाका," मी म्हणालो. "आवाका फार मोठा आहे, सर."

जाड पुस्तकाला हा शब्द कधी चुकत नाही. पंधरा माना हलल्या. मी दुसरी नेवरी उचलली आणि सर म्हणाले, "माझी राहूनच गेलीय. तुझं संपलं की दे मला. नाहीतर उद्याच दे, तुझी काय, एकदा झालेलीच आहे."

दुसऱ्या दिवशी मी ती पुसून, उन्हाचा एक कवडसा मिळाला तो दाखवून, नेऊन दिली. मुलगी सासरी पाठवताना होतं तसं काही झालं नाही. उलट सुटल्यासारखं झालं.

मग ऑक्टोबरात लाइनमन दारात उभा. हातात पक्कड. जुलैचं बिल भरलेलं नव्हतं. चूक शंभर टक्के माझी. तो बिचारा घाम पुसत म्हणाला, "आयज भर, ना जाल्यार फाल्यां कापतलों." आम्ही बिल शोधायला लागलो. जुन्या एखाद्या बिलावरून ग्राहक क्रमांक तरी मिळेल, म्हणून तीही शोधली. मिळेनात. कपाटासमोर उभ्या उभ्या बायकोला आधी कळलं आणि मग मला. आमच्या घरात गेली कित्येक वर्षं एकही वीजबिल फाइलमध्ये गेलेलं नाही. सगळी पुस्तकांत आहेत, साधारण तिसाव्या ते पन्नासाव्या पानांच्या दरम्यान. आणि जुलैचं कुठे असणार हे सांगायला नको.

सरांकडे गेलो. काकूंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "वाचतायत. दुपारी दोन ते चार आत कुणाला सोडत नाहीत."

माझ्या पोटात कालवलं. माणूस खरंच वाचत होता. आता तो मला मधलं काहीतरी विचारणार. काकूंनी हाक मारली, आत काहीतरी धडपड ऐकू आली, उशी आपटल्याचा आवाज, मग "ये, ये."

'हिंदू' टेबलावर होती. खाकी कागदाचं कव्हर, त्यावर शाळेच्या अक्षरात नाव, वर चष्म्याची पेटी.

"काय वाचलीत का, सर?"

"हो तर," सर म्हणाले. खिडकीबाहेर बघत त्यांनी जरा वेळ घेतला. "आवाका मोठा आहे."

मी पुस्तक उघडलं. बिल त्रेचाळिसाव्या पानावर जिथे होतं तिथेच होतं. त्याच्या चारी कडांचा पिवळा ठसा समोरच्या पानावर उमटला होता. एकटी कसर मात्र प्रामाणिकपणे पुढे सरकत एक्कावन्नाव्या पानापर्यंत पोचली होती, तिथे तिने एक लहानसं भोक पाडून ठेवलं होतं. आम्हां तिघांत तिचंच वाचन जास्त.

सर काही बोलले नाहीत. मीही नाही. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या, कप ठेवायला जागा करताना त्यांनी उशी उचलली, आणि खालून एक पुस्तक सरकून जमिनीवर पडलं. मुखपृष्ठ नव्हतं. पोत्याच्या दोऱ्याने शिवलेलं. पण पहिल्या पानावरचं नाव बघून मी त्याला लगेच ओळखलं, आमच्या वर्गात बाकाखालून फिरणारं: बाबूराव अर्नाळकर. या माणसाने झुंजारसारखे नायक घेऊन हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि आमच्या शाळेत त्यातल्या निदान वीस तरी याच सरांनी जप्त केल्या होत्या. परत मिळाल्याचं कुणाला आठवत नाही.

"नातवाचं असेल," सर म्हणाले. त्यांचा नातू बंगळुरात असतो आणि त्याला मराठी वाचता येत नाही.

"झुंजार का, सर?"

"झुंजार." मग अगदी हळू, कोंकणीत, "कितव्यांदा तें विचारूं नाका."

मी पुस्तक उचललं, झटकलं. दोरा मजबूत होता. पान कोरडं, खडखडीत, चांगलं फडफडत होतं. सरांनी ते कुठे वाळवलं होतं कोण जाणे. मी दोन ओळी वाचल्या. मग तिसरी. काकूंचा चहा निवला.

"सर, हे मला द्याल? दोन दिवस फक्त."

सरांनी हात पुढे केला आणि पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, नववीत घेतलं होतं अगदी तसंच.

"आधी बिल भर जा," ते म्हणाले.