आजोबांच्या मेडलांची विल्हेवाट : काही अनुभवसिद्ध सूचना

सातारा जिल्ह्यात घर असलं की माळ्यावर, ट्रंकेत नाहीतर शिवणाच्या डब्यात बटणांच्या सोबतीला एखादं मेडल सापडतंच. पलटणीचा जिल्हा आहे आपला. 'अपशिंगे मिलिटरी' या गावाच्या तर नावातच मिलिटरी आहे. तेव्हा तुमच्याही घरी असणार. त्याचं करायचं काय, हा प्रश्न तुम्हाला आजवर पडलेला नाही याची मला पक्की खात्री आहे. तरीही गेल्या पंधरवड्यात आमच्या गल्लीत जे शिकायला मिळालं ते चार घरांत पोचावं म्हणून लिहायला बसलोय. मी तीसेक वर्षं मेडलं जमवतो, मोठी आणि छोटी दोन्ही. आमच्या घरात या छंदाला 'भंगार' हा एकच शब्द आहे, त्यामुळे माझ्या अधिकाराबद्दल शंका नसावी.

सुरुवात नावापासून करा. मेडल म्हणू नका, बिल्ला म्हणा. बिल्ला कंडक्टरचा असतो, हमालाचा असतो, निवडणुकीतल्या पोलिंग एजंटचाही असतो. एकदा बिल्ला म्हटलं की तो हरवल्याचं कुणाला काही वाटत नाही.

मग ते समोरून बघा, मागून बघा, उन्हात धरून बघा. कडेकडे मात्र चुकूनही बघू नका. त्या दोन-तीन मिलिमीटरच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ते वाचलं तर उगाच नातं लागायचं. दुसऱ्या महायुद्धाचे स्टार, म्हणजे ताऱ्याच्या आकाराची मेडलं, ब्रिटनच्या शिपायांना कोरेच मिळाले. हिंदी फौजेतल्या शिपायांच्या स्टारांवर मात्र मागच्या बाजूला नावं घालून दिली. सरकारने एवढा खर्च कशासाठी केला असेल, याचा विचार करत बसू नका.

साफसफाई मात्र जोरात करा. चिंच, राख, पितांबरी, हाताला येईल ते. जुना काळसरपणा गेला की मेडल कसं नव्या वाटीसारखं दिसतं! (तरुणपणी माझं पहिलंवहिलं मेडल मी ब्रासो लावून असं घासलंय की राजाचं नाक गेलं. तेव्हा हा सल्ला स्वानुभवाचा.)

छोट्या मेडलांची काळजी करूच नका. छोटी म्हणजे लहान मुलांची, किंवा डुप्लिकेट, हे आपल्याकडे सर्वमान्य आहे. प्रत्यक्षात ती अधिकाऱ्यांनी मेस ड्रेसवर, म्हणजे रात्रीच्या मेजवानीच्या गणवेशावर लावायची असतात, मोठ्याच्या निम्म्या आकाराची, फीतही त्याच मापात बारीक. सरकार ती देत नाही, ज्याची त्याने विकत घ्यायची. त्यावर बहुतेक वेळा नाव नसतं, म्हणून मोठ्या मेडलांपासून ती तोडली की कुणाची होती ते देवालाही सांगता येत नाही. हे सगळं ठाऊक नसलेलंच बरं. आमच्या गल्लीतल्या एका ऑनररी कॅप्टनसाहेबांची छोटी दांडी होती, म्हणजे एका पट्टीवर ओवलेली छोटी मेडलं. १९७१ च्या युद्धाची 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम मेडल', आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं, अशी ओळीने. पंधरा ऑगस्टला नातू फॅन्सी ड्रेसमध्ये सैनिक झाला. ती दांडी सेफ्टी पिनेने उजव्या खिशावर अडकवली आणि वर शोभेला ऑनलाइन मागवलेलं परमवीर चक्र लावलं, गुलाबी फितीचं. खऱ्या परमवीर चक्राची फीत जांभळी असते. चक्राचा आराखडा सावित्री खानोलकरांचा, त्यावर इंद्राचं वज्र चार वेळा आहे. परीक्षकांना त्याचं काय! पहिला नंबर आला. संग्राम मेडल शाळेच्या मैदानातच राहिलं. प्रमाणपत्र लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलंय.

प्रदर्शनाला मेडल देताना पावती घेऊ नका.

फीत मळली असेल तर बदला. हे मी माझ्याच एका नगावरून शिकलो. दुसऱ्या महायुद्धातल्या इटली स्टारची फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल असते, कारण ते इटलीचे रंग आहेत. एका मंडळाने माझ्याकडून तो स्टार दोन दिवसांसाठी नेला आणि परत दिला तो केशरी-पांढऱ्या-हिरव्या फितीसकट. स्टेशनरीच्या दुकानात झेंड्याची फीत मीटरवर मिळते. कार्यकर्ता मोठ्या उत्साहात म्हणाला, "काका, तुमची फीत उलटीपालटी शिवलेली होती, आम्ही दुरुस्त करून दिली." मी चहा पाजला त्याला. काय करणार.

कुणी विचारलं तर आजोबांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं होतं असं सांगा. मराठा लाइट इन्फंट्रीला व्हिक्टोरिया क्रॉस दोनच मिळाले. यशवंत घाडगे १९४४ मध्ये आणि नामदेव जाधव १९४५ मध्ये, दोघेही इटलीतल्या लढायांत. तरी साताऱ्यात मला आजपर्यंत किमान नऊ व्हिक्टोरिया क्रॉसांची माहिती मिळाली आहे. एक तर ॲल्युमिनियमचा होता. कंपनी सरकारने १८३७ मध्ये हिंदी शिपायांच्या शौर्यासाठी ऑर्डर ऑफ मेरिट काढली होती, व्हिक्टोरिया क्रॉसच्या १९ वर्षं आधी, आणि त्याबरोबर पगारवाढही होती. पण हे सांगायला लागलो की लोक घड्याळ बघतात.

परदेशी विकायचं असेल तर पार्सलवर 'इमिटेशन ज्वेलरी' लिहा. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू अशी बाहेर पाठवता येत नाही, असा १९७२ चा कायदा आहे म्हणे.

आता मुख्य सूचना. मेडल देव्हाऱ्यात ठेवा.

आमच्या शेजारच्या अण्णांच्या आजोबांची पहिल्या महायुद्धातली दोन मेडलं होती. एक चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल, एक ब्राँझचं व्हिक्टरी मेडल. वॉर मेडलच्या एका बाजूला पाचवा जॉर्ज आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. घोड्याच्या टापांखाली ढाल, तिथेच एक कवटी. अण्णांच्या आईने ते कधीतरी ट्रंकेतून काढलं, स्वार बघितला आणि हात जोडले. खंडोबा! खालची कवटी म्हणजे मल्ल दैत्य, सगळं जुळलं. स्वाराच्या अंगावर कपडा नाही हे पन्नास वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण हळदीचा थर. रोज पाणी, सोमवतीला दूध, चंपाषष्ठीला भंडारा. व्हिक्टरी मेडलवर पंखवाली बाई आहे. ती कोणती देवी हे काही ठरेना, म्हणून तिला देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात उभं केलं होतं, पण घासायला दोघांना सारखंच.

मला ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी अण्णांच्या मागे लागलो. विकत मागितलं नाही. (खोटं कशाला बोलू, मनात होतं. तोंडाने मागितलं नाही.) एवढंच म्हणालो की अण्णा, एकदा पाच मिनिटं हातात द्या, कडेवरचं उतरवून घेतो. तर, सोवळ्यातलं आहे. मग, सूतक आहे. मग, दिवाळीनंतर बघू. मग, पोरगा पुण्याहून आला की काढू. अशी तीन वर्षं गेली.

मध्यंतरी अण्णांनी खंडोबाचा चांदीचा टाक नवा करून आणला. म्हणजे जुना खंडोबा रिकामा झाला. तेवढ्यात नातू झाला. चांदीचा भाव तुम्ही बघताच आहात. गेल्या आठवड्यात अण्णा जिन्यात भेटले, खुशीत होते. म्हणाले, "अहो, तो बिल्ला मोडला. वाळे केले बाळाला. सराफ म्हणला, साडेब्याण्णव टक्के हाय, घट थोडीच धरली त्यानं. दुसरा मात्र पितळंचा निघाला, परत दिला."

मी विचारलं, "अण्णा, कडेवर नाव होतं, बघितलं होतं का?"

"कसलं नाव? कडेला कायतरी इंग्रजी होतं. कंपनीचं असंल."

कंपनीचं!

साधारण तीस ग्रॅम चांदी. १९८० मध्ये चांदी कडाडली तेव्हा विलायतेतही ही मेडलं भट्ट्यांत गेली, हे मला माहीत आहे. तिथल्या नातवंडांनीही तेच केलं. त्याने माझा राग काडीइतकाही कमी होत नाही. अण्णांचे आजोबा कुणी पगारी हमाल नव्हते. परत आलेलं व्हिक्टरी मेडल मी मागून घेतलं, अण्णांनी लगेच दिलं, पितळच ते. भिंगाखाली धरलं. नंबर गेलाय. नावातली तीन अक्षरं राहिलीत, तीही चाचपडत. शेवटी '११०' आणि 'मराठाज' तेवढं वाचता येतं. ११० मराठा ही पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुत गावी तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकलेली पलटण. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६. आत उपासमार, आणि हिंदी शिपाई धर्म बुडेल म्हणून कित्येक आठवडे घोड्याचं मांस खायला तयार नव्हते. जे जगले ते तुर्कांच्या कैदेत वाळवंटातून पायी गेले. अण्णांचे आजोबा त्यांच्यात होते, की नंतर भरती होऊन गेले, की बसऱ्याला कोठारावर होते, हे शोधायला नंबर लागतो. एका पलटणीत त्याच नावाचे, त्याच आडनावाचे अर्धा डझन शिपाई असायचे. चांदीच्या मेडलवरचा नंबर कदाचित शाबूत असेल, आता ते कळणार नाही. कारण तो नंबर आत्ता बाळाच्या पायात वाजतोय.

आणि हेच अण्णा वाटणीच्या वेळी तलाठ्यापुढे पाच पिढ्यांची वंशावळ घडाघडा म्हणून दाखवतात! फेरफाराच्या उताऱ्यात आजोबांच्या नावात एक काना कमी पडला होता, तर दीड वर्ष तहसीलला खेटे घातले यांनी. बांधाला नाव लागतं. मेडलवरचं कंपनीचं.

लंडनहून वाघनखं आली तेव्हा २०२४ च्या पावसात याच साताऱ्यात म्युझियमबाहेर रांगा लावल्या आपण. मीही होतो, अण्णाही होते, छत्री धरून. ती नखं बघायला तासन् तास उभं राहायची तयारी. आणि स्वतःच्या देव्हाऱ्यातलं मेडल उलटं करून कड वाचायला पाच मिनिटं नाहीत. तीन वर्षांत पाच मिनिटं!

आता उपरोध पुरे झाला, मला जमतही नाही. सरळ सांगतो. घासू नका. काहीही लावू नका, लिंबू नाही, चिंच नाही, पावडर नाही. काळं पडलंय तर पडू द्या. मोबाइलमध्ये मिसळीच्या तर्रीचे फोटो काढता ना, तसे त्या कडेचे चार फोटो काढा, तिरप्या उन्हात, म्हणजे अक्षरं उठून दिसतात. नंबर वहीत उतरवा. डिस्चार्ज बुक, पेन्शनची कागदं, छोटी दांडी, मोठी दांडी, सगळं एकाच डब्यात ठेवा. फिती धुवू नका आणि बदलू नका. पोराला फॅन्सी ड्रेसला सजवायचंय तर बाजारात प्लास्टिकची मिळतात, ती आणा. मला विकू नका, कुणालाच विकू नका, फुकटही देऊ नका. आणि अगदीच मोडायची वेळ आली, येते, घरात आजारपण असतं, मी समजू शकतो, तर मोडा. पण त्याआधी कड वाचा रे. एवढं तरी करा. लाज वाटायला पाहिजे आपल्याला, मलासुद्धा, कारण तीन वर्षं मी नुसता सभ्यपणे विचारत राहिलो. एकदा अण्णा अंघोळीला गेले असताना वहिनींकडून मागून घ्यायला हवं होतं. त्यांनी दिलं असतं.

येत्या रविवारी बारसं आहे, आम्हाला बोलावलंय. काल अण्णांना विचारलं, नाव काय ठेवताय, आजोबांचंच ठेवा की. अण्णा हसले. म्हणाले, "छ्या, तसली जुनी नावं आता कोण ठेवतंय? पोरगा आणि सूनबाई इंटरनेटवर बघतायत."